दीना टीचर आणि पुतळ्याची बंदूक

दीना टीचरना कुणी गप्प बसायला सांगितलं, की त्या आधी खुर्ची ओढून घेतात आणि मग बोलायला लागतात. खुर्ची सरकल्याचा आवाज आला की आमच्या गावातली शहाणी माणसं चपला शोधतात. मी शहाणी नाही. मी त्यांची कॅमेरावाली आहे.

माझं नाव ज्योती. मिरजगावच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गाव, आणि हायवेवरच माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, निवडणुकीचे बॅनर, सगळं करते. दर रविवारी चर्च सुटलं की टीचर येतात, माझ्या पडद्यापुढे टेबल मांडतात आणि बंदुकांवर बोलतात. मोबाईलवर त्यांचं चॅनल आहे. साठी उलटलेली बाई, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि हातात बंदूक. लोक आधी हसायलाच येतात. खाली लिहितात, ‘मावशी, भाकऱ्या थापा.’ टीचर त्यालाही उत्तर देतात, ‘थापून आले. तुझं सांग.’

नगरच्या एका शाळेत त्या पीटी शिकवायच्या आणि एनसीसीच्या मुली सांभाळायच्या. कवायतीच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन त्यांनी किती मुलींचे खांदे सरळ केले, त्यांनाच ठाऊक. रिटायर होऊन गावी आल्या तर इथे भरतीची तयारी करणारी पोरं हायवेच्या कडेने पळताना दिसली. त्यांना पळता येत होतं, पण बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जे काही होतं ते मोबाईलच्या गेममधलं. टीचरना त्याचा राग आला, आणि टीचरना राग आला की त्या वर्ग भरवतात. चॅनल असं निघालं. दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल असो, नाहीतर जत्रेतली फुगे फोडायची छऱ्याची बंदूक, त्या हातात घेतात, खोलतात, आणि कुठे कंजुषी केली आहे ते दुकानदाराची भीड न ठेवता सांगतात.

आता मूळ गोष्ट. टीचरचे आजोबा नोहा दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेले आणि इटलीत मेले. आमच्या गावातला त्या युद्धातून परत न आलेला तो एकच माणूस. वेशीत इंग्रजांनी बसवलेला एक दगड आहे, पण तो त्याच्या आधीच्या युद्धाचा, आणि त्यावरही नुसता आकडा आहे, नाव कुणाचंच नाही. नोहाआजोबांचं नाव तर कुठेच नाही. ख्रिस्ती आळीतला माणूस, ओढ्याच्या पलीकडचा. गावाने त्याला विसरायचेही कष्ट घेतले नाहीत, कारण आठवलंच कधी नव्हतं. टीचर हे बोलायच्या तेव्हा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा, आणि मला ते जास्त लागायचं.

ग्रामसभेत त्या वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. हसणं झालं, टाळाटाळ झाली, एकदा तर माईक बंद पडला तो नेमका त्यांच्याच वेळेला. मग सूर्यभान सरपंच झाले. शेजारच्या गावाने चौकात मोठी कमान उभारली होती आणि सूर्यभानना आपल्या चौकात काहीतरी हवंच होतं. टीचरचा अर्ज आयता समोर होता. ठरलं, की हायवेच्या चौकात नोहाआजोबांचा पुतळा बसवायचा, आणि सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झालं की, तालुक्याहून मोठे पाहुणे आणून त्याचं अनावरण करायचं. त्या दिवशी टीचर माझ्या स्टुडिओत आल्या, स्टुलावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून पोटभर रडल्या. मी चहा केला. तो गार झाला तरी त्या रडतच होत्या.

पुतळा फायबरचा होता. अर्धी विजार, डोक्यावर लोखंडी टोप, नजर समोर, दोन्ही हात छातीशी आडवे आणि मुठी पोकळ. त्या मुठींत खरी वाटेल अशी बंदूक बसवायची होती. हे काम सूर्यभानच्या पुतण्याकडे, कल्याणकडे होतं. कल्याणची भरतीची अकॅडमी आहे. पोरगा वाईट नाही, पण दंडाचा घेर सोडला तर फार कशाचा विचार करत नाही. त्याने ऑनलाइन शोधून एक एअरसॉफ्ट रायफल मागवली. एअरसॉफ्ट म्हणजे दिसायला हुबेहूब युद्धातली, पण उडवते भिजल्या साबुदाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या. परदेशात माणसं त्या घेऊन लुटुपुटूची लढाई खेळतात. कल्याण खोकं घेऊन थेट स्टुडिओत आला.

“टीचर, पुतळ्यात बसवायच्या आदी एक रिव्ह्यू टाका की. गावाची जाहिरात हुईल.”

टीचरनी खोकं उघडलं. वरचा कागद बाजूला केला आणि नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, “ज्योती, कॅमेरा लाव.”

तो व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिला आहे की मला पाठ आहे. त्यांनी बंदुकीवर अन्याय केला नाही. वजन घेऊन सांगितलं, हात भरतो. दस्ता खऱ्या लाकडाचा, रंगही दाट, नुसतं पट्ट्याच्या कडीचं काम कच्चं. गोळी आत सरकवायचा बोल्ट मागेपुढे करून दाखवला, कुठे अडकत नव्हता. मग मागच्या अंगणात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवून गोळ्या मारल्या. डबा टणटण वाजला. माझं मांजर दोन गल्ल्या पलीकडे गेलं. “किमतीच्या मानानं माल चोख आहे,” त्या म्हणाल्या. “हौसेसाठी घ्यायची तर जरूर घ्या.”

मग खुर्ची ओढली.

“आता हिची जात सांगते. तुमच्या गेममध्ये ही आहे, म्हणून तुम्हाला हिचा लळा आहे. पण ही आपल्या सैन्याची बंदूक नाही, पोरांनो. ही जर्मनांची. मॉझर. दुसऱ्या महायुद्धात हिटलरचं पायदळ हीच खांद्याला लावून लढलं. पोटात पाच गोळ्या. आपल्या शिपायांची ती थ्री-नॉट-थ्री, दहा गोळ्यांची. तिची पेटी खाली बाहेर आलेली दिसते, आणि नळीचं तोंड बसकं, लाकूड थेट पुढपर्यंत. आपल्याकडं पोलीस कालपरवापर्यंत तीच वापरत होते. तुमच्यातल्या कुणाच्या तरी चुलत्यानं नक्की हातात घेतली असणार. माझा आजा इटलीत मेला तो जर्मन तोफेच्या गोळ्यानं. ज्यांनी त्याला मारलं त्यांची बंदूक त्याच्या हातात द्यायला निघालाय तुम्ही. बंदूक चांगली आहे. हात चुकले.”

कल्याणचा चेहरा बघवत नव्हता. तो म्हणाला, “टीचर, मला म्हाईत न्हवतं.” टीचर म्हणाल्या, “तुझा दोष नाही रे.” आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. पण बंदूक परत खोक्यात घालून खोकं स्वतःच्या पायाशी ठेवलं.

व्हिडिओ अजून टाकलाही नव्हता, तर कल्याणकडून कळून संध्याकाळी सूर्यभान स्टुडिओत हजर. दोघं एका वर्गातले. टीचर त्यांना नावानं हाक मारतात, आणि सरपंच झाल्यापासून ते टीचरना अहो-जाहो करतात. सूर्यभान आधी गोड बोलले.

“टीचर, हायवेवरून गाड्या शंभरच्या स्पीडनी जात्यात. कोन उतरून बंदूक बगनार हाय?”

“मी बघणार आहे. मला रोज त्याच चौकातून जायचंय.”

“दुसरी मागवायला येळ न्हाई. पाहुन्यांची तारीख घेतलीय. तुमी हे टाकलं तर गावाची शोभा हुईल. मग पुतळाच नको म्हनतील मानसं. मला बी नको हुईल.”

म्हणजे काय, ते आम्हा दोघींना कळलं. तोंड बंद ठेवलं तर आजोबा चौकात उभे राहतील. उघडलं तर गोदामात धूळ खातील. टीचरनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, पण ती ओढली नाही.

मागून त्यांचा भाऊ सायमनही आला. सायमन चर्चचं कामकाज बघतो, भांडणाला भितो. “ताई, आपल्या मानसाचा पुतळा हुतोय, तेच लई हाय. आपल्या आळीतलं कोन कवा चौकात बसलंय का? बंदुकीचं कशाला काढती?” बिचारा हात जोडून बोलत होता, आणि खरं सांगते, मलाही त्याचंच पटत होतं. मी म्हणालेही, “टीचर, जाऊ द्या ना.” त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ट्रायपॉड पुसायला लागले.

सूर्यभाननी तिथेच गप्प व्हायला हवं होतं. पण त्यांना जिंकल्यासारखं वाटलं असावं. हसून म्हणाले, “आन टीचर, बोलायचंच झालं तर तुमचा आजा तरी कुटं बंदूक चालवत हुता? माजा बाप सांगायचा. पायनेर पलटनीत गेल्ता तो. रस्ते कराया. खोरं आन घमेलं. आमी मोठ्या मनानं बंदूक देतोय.”

सायमनने मान खाली घातली. मला वाटलं, टीचर आता फुटतील. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, कुणीतरी नेमकी हवी असलेली वस्तू हातात ठेवल्यासारखा.

“व्हय,” त्या म्हणाल्या. इतकी वर्षं नगरला राहिलेल्या टीचर गावच्या बोलीवर आल्या की समजावं, माघार नाही. “खोरंच हुतं. आजीला सांगाया आलेल्या सायबानं तेच सांगितलं. डोंगरातला रस्ता चिखलानं बसला हुता, तोफा चालू हुत्या, आन ही मानसं तो रस्ता मोकळा करत हुती. तितंच गोळा पडला. बंदूक तुमीच दिली त्याला, सूर्यभान. मी कवा मागितली न्हवती. मी त्याचं नाव मागितलं हुतं. आता खोरं बी मागते.”

“शहिदाच्या हातात खोरं? लोक हसतील.”

“हसू देत. आमाला सवय हाय.”

त्यांनी खोकं उचललं, काखेत मारलं आणि निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, “बंदूक पुतळा उघडल्यावर देईन. आदी न्हाई. ज्योती, व्हिडिओ टाक.”

मी टाकला. सरपंचांच्या घरच्या माझ्या ऑर्डरी त्याच आठवड्यात दुसऱ्या स्टुडिओला गेल्या. टीचर सांगतील ते करायचं हा मूर्खपणा आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग करू नको.” मी पुढच्या रविवारीही कॅमेरा लावला.

व्हिडिओ गावभर फिरला. शिव्याही आल्या. पण आता कार्यक्रम रद्द केला तर सूर्यभान घाबरले असं झालं असतं, आणि पाहुण्यांना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी निरोप पाठवला, की पुतळा रिकाम्या हातांनीच उघडू, बंदुकीचं नंतर बघू. नंतर बघू म्हणजे काय, हे ग्रामसभेत वर्षं काढलेल्या टीचरना कुणी शिकवायची गरज नव्हती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. चौकात मांडव, लाऊडस्पीकर, पाहुण्यांसाठी मांडववाल्याची ती लाल मखमली खुर्ची. कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांनी हॉर्न वाजवून भाषणं अर्धी केली, ते बरंच झालं. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं. नोहाआजोबा उभे होते, मुठी आवळून, हातात काही नाही. टाळ्या वाजल्या, पण कशाबशा. रिकाम्या मुठी बघून माणसांना काय करावं सुचेना.

टीचर ख्रिस्ती आळीच्या बायकांमधून उठल्या. एका हातात खोकं, दुसऱ्या हातात घरचं खोरं, दांडा वापरून गुळगुळीत झालेला. खोकं त्यांनी कल्याणच्या हातात दिलं. “सांभाळून ठेव. माल चोख आहे.” मग सरळ स्टेजवर गेल्या, मुख्य पाहुणे पुतळ्यापाशी उभेच होते, त्यांची लाल खुर्ची पुतळ्यापर्यंत ओढली. फरशीवर तिचा आवाज झाला. लाऊडस्पीकरवरही तो ऐकू गेला.

“टीचर, खाली या,” सूर्यभान दात आवळून म्हणाले. “पडाल.”

टीचर बुटांसकट खुर्चीवर चढल्या. सायमन पुढे धावला. मला वाटलं, अडवायला. त्याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. बंदुकीसाठी घडवलेल्या त्या मुठींत खोऱ्याचा दांडा एका बाजूने गेला आणि दुसऱ्या बाजूने निघाला. पातं खांद्याच्या वर आलं. इतकं नीट बसलं की मी फोटो काढायचं विसरले.

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत रंगुबाई बसली होती, सत्तरी पार केलेली, कमरेत वाकलेली. तिने वर बघितलं आणि शेजारणीला सांगावं तसं सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“बाहत्तरच्या दुष्काळात ह्यो रस्ता आमीच केलाय. ह्याच खोऱ्यानं. सरकारी सुकडी खाऊन.” मग म्हणाली, “ह्यो आपल्यातला हाय गं.”

आमच्या गावात त्या वयाची एकही बाई नाही जिने दुष्काळी कामावर खडी फोडली नाही. त्या एकेक करून उठल्या आणि पुतळ्याच्या पायाशी आल्या. ओढ्याच्या अलीकडच्याही आल्या. पाहुण्यांना काय झालं ते कळलं नाही, पण गर्दी उठलेली पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सूर्यभान टीचरजवळ वाकून म्हणाले, “आज ऱ्हाऊ द्या. उद्या मानसं लावून काढून घीन.”

टीचर खुर्चीवरून उतरल्या. सायमनचा हात धरून तीच खुर्ची त्यांनी पुतळ्याच्या सावलीत ओढली, पदराने तिच्यावरची बुटांची धूळ झटकली आणि हायवेकडे तोंड करून बसल्या.

“काढ,” त्या म्हणाल्या. “मी हितंच हाय.”