लिपिकाची भंगाराची फर्म

ती तक्रार आजही आठवते, कारण तक्रारदार चोर पकडा म्हणायला आलाच नव्हता; कर कसा भरायचा ते विचारायला आला होता. मी तेव्हा लातूरला आर्थिक गुन्हे शाखेत होतो. हा गृहस्थ देवणीकडच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक. मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करत होती आणि बायको तिच्यासोबत खोली घेऊन राहत होती. एक दिवस त्याला जीएसटीची नोटीस आली: तुमच्या भंगाराच्या फर्मचा मोठा कर थकला आहे. पाठोपाठ पगाराचं खातं गोठलं. मुलीच्या क्लासची फी तशीच राहिली.

"साहेब, म्या जन्मात भंगार इकलं न्हाई," तो म्हणाला. "पण हप्ते पाडून देत असतील तर भरतो. पोरीचं वर्ष जाया नको."

मला त्याचा रागच आला. न केलेल्या धंद्याचा कर भरायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. फिर्याद घेतली आणि फर्मच्या पत्त्यावर गेलो, तर मोकळ्या प्लॉटवर शेळ्या बांधलेल्या.

फर्मच्या नोंदणीला आधारचा ओटीपी वापरला होता. तो कुणाला दिला, हे मी लिपिकाला उलटसुलट विचारलं. "कुणालाच न्हाई," हेच उत्तर. त्याची बायको शेजारीच बसली होती.

"असं कसं? तुम्हालाच दिला की, साहेब," ती म्हणाली.

"मला?"

"पोलिसाला हो. खोली घेताना एजंट म्हणला, भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन करायलोय, ओटीपी आला का बघा. ह्यांनी लगेच सांगितला."

भाडेकरूची माहिती ठाण्याला द्यावी लागते, हे खरं. पण त्यासाठी आम्ही कुणाचा ओटीपी मागत नव्हतो. आमच्या नावावर कुणीतरी दुकान मांडलं होतं, ते मला चांगलंच झोंबलं. त्याच एजंटबद्दल खबऱ्यानंही कळवलं होतं, की ह्याच्याकडं खोल्या कमी अन् गाड्या जास्त. त्याला उचलला. आधी त्यानं कानावर हात ठेवले. त्याच्याकडून खोली घेऊन असेच फसलेले आणखी दोन पालक समोर बसवल्यावर बोलता झाला.

गुन्हा कबूल झाला तरी मला एक कुतूहल होतं. हीच माणसं का निवडली, ते एजंटलाच विचारलं.

"गरिबाच्या नावावर एवढा धंदा दिसला की शंका येती, साहेब. मोठा माणूस वकिलाला इचारल्याबिगर सही करत न्हाई. नोकरदाराकडं सगळी कागदं असत्यात, अन् मागितली की देतो."

या फर्मची खोटी बिलं नांदेडचा एक बडा व्यापारी आपला कर कमी करायला वापरत होता. तो आला तोच दोन वकील घेऊन. त्याला लवकर जामीन मिळाला. लिपिकाचं खातं मात्र त्याच्या कितीतरी नंतर सुटलं, तोवर फी मेहुण्यानं भरली.

नियमानं वागणाऱ्याला भीती नसते, असं मी नोकरीभर लोकांना सांगत आलो. या तपासानं मला शिकवलं, की नियमानं वागणारा सगळ्यांना आधी सापडतो. करखात्यालाही आणि चोरालाही.

खातं सुटल्यावर लिपिकाचा फोन आला.

"मेहुण्याचे पैसे फेडले, साहेब. अन् घरपट्टी बी भरली. उशीर झाला म्हणून शास्ती लागली, ती बी भरली."

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. पत्रिका आमच्या शाखेलाही आली होती.