शेजारच्या बॉबीचं आखूड पिस्तूल

बॉबी गेला. गाडीखाली बॉम्ब आहे का बघायला वाकला आणि उठलाच नाही.

बॉम्ब नव्हता. कित्येक वर्षं नव्हता. पण तो रोज सकाळी बघायचा.

मी चौथी शिकलेली बाई, फोनवर एकेक अक्षर शोधून लिहितेय. चुकलं तर हसा, पण वाचा.

बॉबी म्हणजे आमचा बेलफास्टचा शेजारी. मुलाला इथं हॉस्पिटलात नोकरी लागली, मी नातीला सांभाळायला आले, तेव्हापासूनचा. ती नात, सई, आता युनिव्हर्सिटीत जाते आणि मलाच सांभाळते, ते जाऊ दे.

बॉबी तरुणपणी तुरुंगात ड्यूटीला होता. तेव्हा इथं फार वाईट दिवस होते. तुरुंगात काम करणाऱ्यांना अतिरेकी घरी येऊन गोळ्या घालायचे, गाडीखाली बॉम्ब लावायचे. याचा ड्यूटीवरचा जोडीदार तसाच गेला, पोरांच्या देखत.

मग याला स्वतःजवळ पिस्तूल ठेवायची परवानगी मिळाली. कोटाच्या आत, कमरेला.

नोकरी संपली. गोळीबार थांबला. पिस्तूल कमरेलाच राहिलं.

मला कळलं तेव्हा आधी चार पावलं मागं सरले. मग म्हटलं, "दाखव की!"

"इथं नाही आजी," तो म्हणाला. "नेमबाजीच्या क्लबात ये."

गेले की मी! फ्लास्कमध्ये चहा, डब्यात शंकरपाळी, अंबाड्यावरून कानांना ते जाड हेडफोन. सई म्हणाली, "आजी, तू पायलट दिसतेस." मला तर फार मजा वाटली. आवाज छातीत बसतो, पण मजा.

तिथं मॅच असते. शिटीसारखा बीप वाजला की कमरेचं पिस्तूल काढायचं, पळत पळत पुठ्ठ्याची माणसं टिपायची, घड्याळ चालूच.

बाकीच्यांची पिस्तुलं लांब, जड, भरपूर गोळ्यांची. आमच्या बॉबीचं तेवढं आखूड. इथले लोक सगळ्यालाच लाडानं 'वी' म्हणतात, म्हणजे छोटं. वी टी, वी बिस्किट. याचं खरंच वी. मूठ इतकी लहान की करंगळी हवेत. बार झाला की हातात उसळायचं. गोळ्याही लवकर संपायच्या, मग मध्येच थांबून दुसऱ्या भरा.

नेहमी शेवटून पहिला.

एक जण ओरडला, "बॉबी, फेकून मार, लवकर लागेल!"

सगळे हसले. बॉबीही.

मी चहा देताना विचारलं, "अरे, मोठं का घेत नाहीस?"

तो म्हणाला, "आजी, ते माझ्या दारात आले तर माझ्याजवळ हेच असेल ना?"

मी शंकरपाळीचा डबा बंद केला. बाकीचे खेळत होते. हा खेळत नव्हता.

या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पिस्तुलाचं आम्हाला पोलिसांना कळवावं लागेल. लेक लिंडा तर 'देऊन टाक' म्हणून कधीची मागं लागली होती.

माझ्या किचनमध्ये बसून म्हणाला, "काढून घेतील माझ्याकडून. पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तसं."

ते नवरात्राचे दिवस होते. मी त्याला आमच्या ह्यांचं सांगितलं. हे भोसरीत टर्नर होते. खंडेनवमीला पाना, कानस, सगळं धुऊन पुसून पाटावर ठेवायचे. वर हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मालकाचा फोन आला तरी नाही.

"त्यांच्याकडून कुणी काढून घेत नव्हतं," मी म्हटलं. "आपल्या हातानं ठेवायचे. वर्षभर राबलंय म्हणून पाया पडायचे."

सईनं इंग्लिशमध्ये नीट सांगितलं. तो नुसता कप फिरवत बसला.

मग म्हणाला, "शनिवारी मॅच आहे. चल."

शनिवारी बीप वाजला. पहिले पुठ्ठे बरोबर लागले. गोळ्या बदलल्या. आणि हात सुटला. असा थरथरला की मला मागून दिसलं.

शेवटचे तीन पुठ्ठे राहिले होते.

बॉबी थांबला. पिस्तुलाचं तोंड समोर वाळूच्या बांधाकडे, बोट चापाबाहेर. घड्याळ चालू.

"दॅट्स मी डन," तो म्हणाला. म्हणजे, झालं माझं.

बीपवाल्या माणसानं रिकामं करायला लावलं, आत बघितलं, परत बघितलं. मग बॉबी माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, ती तुझी लाल पावडर आहे का?"

पर्समध्ये असतेच. टेबलावर कुणीतरी स्वच्छ फडकं पसरलं, बॉबीनं आपल्या हातानं पिस्तूल त्यावर ठेवलं. मी हळदकुंकू वाहिलं. बॉबीनं त्यावर हात ठेवला, बराच वेळ. मघाशी फेकून मार म्हणणाऱ्यानं टोपी काढली.

नंबर? शेवटचा. तीन पुठ्ठ्यांचा दंड वर.

सोमवारी लिंडाबरोबर जाऊन त्यानं ते पोलिसांकडे जमा केलं. कुंकू पुसलं नव्हतं म्हणे. पोलिसांना काय वाटलं असेल कोण जाणे!

मी कुंपणावरून विचारायचे, "झोप लागते का रे?"

"नाही," म्हणायचा. खोटं बोलणारा नव्हता. हात सारखा कमरेला जायचा.

परवा सकाळी सगळं पांढरं गोठलेलं. तो गाडीपाशी पडलेला लिंडाला दिसला. हार्ट.

इथं माणूस गेलं की घरातच ठेवतात, लोक येतात, चहा, सँडविच. मी शंकरपाळी नेली. दुसरं काय नेणार?

लिंडानं मला किचनमध्ये ओढलं. "आजी, त्याच्या जिवाला तेवढाच आधार होता. मी तो काढून घेतला. भीतीनंच गेला तो."

भीती होती. ती कशी नाही म्हणू?

मी तिचा हात धरला आणि माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, "यू नो टेक. ही पुट."

तू नाही घेतलंस, पोरी. त्यानं ठेवलं.

मग ती रडली. तोवर रडली नव्हती.

बॉबी, दाराशी आता कोणी येणार नाही. झोप बाबा.

तुझ्या शेजारच्या आजीची श्रद्धांजली.