उजव्या छातीवरची तीन पदकं

ती घटना मनातून जात नाही. आठवली की आधी वितळत्या लाखेचा वास येतो आणि मागून सुटकेचा श्वास. थोडक्यात वाचलो.

मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सुटली, भरतीसाठी अमरावतीला आलो आणि इथलाच झालो. बाहेरून परीक्षा देत सहायक उपनिरीक्षकापर्यंत पोचलो, ते इथल्या माणसांनी सांभाळून घेतलं म्हणून. पण कमी शिकलेल्या माणसाच्या पोटात एक भीती असते, आपल्याला येत नाही हे कुणाच्या तरी लक्षात येईल. त्या भीतीपायी मी न विचारता ठामपणे बोलायला शिकलो होतो. खाकीत ते खपतं.

त्या जानेवारीत आमच्या हद्दीत एका निवृत्त सुभेदारांच्या घरी घरफोडी झाली. चांदीची भांडी गेली आणि कपाटातली त्यांची चार पदकंही. तपास माझ्याकडे होता. सुभेदार रोज येऊन बाकावर बसायचे. भांड्यांचं नावही नाही, "माहे मेडल सापडले काय?" एवढंच.

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी दुपारी, पदकांच्या चोरीची बातमी वाचलेल्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा फोन आला. "साहेब, एक म्हातारा कोटाले मेडल लावून फोटो काढाले आला. फौजी नाही वाटत. उजवीकडं लावले हायेत. मी म्हटलं डावीकडं घ्या, त आयकूनच नाही राहिला."

मला स्वतःला सेवेचं एक पदक मिळालेलं. संचलन असो की सत्कार, ते डाव्या छातीवर. ज्याला बाजू माहीत नाही त्याचं पदक नाही, असं मी जीप सुरू व्हायच्या आतच ठरवून टाकलं.

स्टुडिओत सत्तरीचा माणूस बसला होता. वलगावकडे शेवंती-झेंडूची शेती. पांढरा पायजमा, वर काळा बंद गळ्याचा कोट आणि उजव्या बाजूला तीन पदकं, एका ओळीत. चौथं विकलं असेल, हेही मीच ठरवलं.

ठाण्यात आणल्यावर आमचे हवालदार म्हणाले, "बाबाजी त पालकमंत्र्यापरीस टाईट दिसून राहिले!" दोघं-तिघं हसले. म्हातारा हसला नाही. हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिला.

"फौजेत होता?"

"नाही साहेब."

"मग ही कुणाची?"

"माह्या पोराचे हायेत."

"मुलगा कुठे असतो?"

"गेला तो."

मी पंधरा वर्षांत असे पुष्कळ 'गेलेले' नातेवाईक ऐकले होते. म्हटलं, "कागद दाखवा."

"सुनेपाशी हायेत, अकोल्याले. नर्स हाये थे तिथं."

"नंबर सांगा, आत्ता लावतो."

इथे त्यानं मान हलवली. "नंबर नाही देत."

चौकशीत नंबर न देणारा माणूस काहीतरी लपवतो, हा आमचा धडा. मी आवाज चढवला. तो खाली बघत म्हणाला, "मले आत टाका साहेब, पण तिले फोन नका लावू. असाच एक सरकारी फोन आला होता घरी. तवापासून अनोळखी नंबर दिसला का तिचे हातपाय थरथर कापतेत."

मी थबकायला हवं होतं. थबकलो नाही. मुद्देमाल कारकुनाला लाख, मेणबत्ती आणि कापडी पिशवी काढायला सांगितलं. पंच बोलावले, ओळख पटवायला सुभेदारांना निरोप धाडला. पदकं त्यांच्यासमोरच काढायची, म्हणून ती कोटावरच होती. एकदा सीलबंद झाली असती, तर कोर्टाच्या हुकमाशिवाय परत मिळाली नसती. त्यात वर्षं जातात.

म्हाताऱ्यानं मेणबत्तीवर वितळणाऱ्या लाखेकडे पाहिलं आणि विनवणी केली. "उद्या शायेत झेंड्याले बोलावलं हाये. पोरगा त्याच शायेत शिकला. उद्यापुरते राहू द्या, मंग न्या."

तेवढ्यात सुभेदार आले. मी म्हटलं, "बघा, तुमचीच ना?"

त्यांनी दारातूनच पाहिलं. चप्पल सारखी केली, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला, त्या फुलवाल्याला.

"माहे नाहीत हे," ते म्हणाले.

"जवळून न बघताच?"

"उजवीकडं हायेत न! आपले सोताचे डावीकडं लावतेत. गेलेल्या माणसाचे घरचे लावतेत, थे उजवीकडं. माहित नव्हतं, त इचारलं काहून नाही? वा रे पोलीस! माह्या घरचा चोर मोकाट अन् तुमी शहिदाच्या बापाले धरून आणलं!"

मग त्यांनीच दाखवलं, पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं. मी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं. आडनाव म्हाताऱ्याच्या आधार कार्डावरचंच होतं, आणि मधलं नाव त्याचं स्वतःचं. तरीही सैनिक कार्यालयात फोन करून खात्री केली. सुनेला फोन केला नाही. मेणबत्ती मीच विझवली. गुन्ह्यात त्यांचं नाव अजून चढलं नव्हतं, यासाठी मी त्या दिवशी देवाचे किती आभार मानले, सांगता येत नाही.

हात जोडून म्हटलं, "बाबाजी, चूक झाली माझी."

"तुमचं काय चुकलं? मलेबी सुनेनं शिकवलं, तवा समजलं." मग कोट झटकत म्हणाले, "फोटो राहिला न पण. तिलेच धाडाचा होता."

हवालदारांनी न सांगता जीप काढली. या वेळी कोणी हसलं नाही. स्टुडिओत मधलं पदक तिरकं झालेलं दिसलं, ते मीच सरळ केलं. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त आटोपून त्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. बाबाजी पहिल्या रांगेत होते, उजवी छाती झेंड्याकडे किंचित वळवून.

पंधरवड्यानं अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे पितळेच्या ढिगात चार पदकं मिळाली. पहिल्यांदा कडा पाहिल्या. सुभेदारांचंच नाव. त्यावरून चोर सापडला. कोर्टाची परवानगी होऊन पदकं हातात पडली, तेव्हा सुभेदार एवढंच म्हणाले, "आता पाहाले शिकले तुमी."

आता मीही निवृत्त आहे. सत्काराला कोट घालतो तेव्हा माझं पदक डावीकडे लावतो, आणि माझ्यामागे ते कुठल्या बाजूला लावायचं हे मुलीला सांगून ठेवलं आहे. नोकरीत मी माणसांची चूक पकडायला शिकलो. पण पकडलेली गोष्ट चूकच आहे का, हे विचारायला त्या दुपारी शिकलो. वऱ्हाडानं मला भाकर दिली, घर दिलं, आणि उशिरा का होईना, 'काहून?' असं न लाजता विचारायची हिंमत दिली.