खिडकीतलं झाड आणि रिकामी चौकट

खिळेकाकांना हे नाव पडलं ते त्यांच्या तोंडामुळे. जुन्या सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणं हा त्यांचा धंदा. काम करताना मूठभर बारीक खिळे ते सरळ तोंडात टाकायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवत हातोडीच्या चुंबकी टोकावर घ्यायचे. तोंडात खिळे असल्यावर माणूस बोलणार काय, कप्पाळ! गिऱ्हाइकांना वाटायचं, काय शांत गृहस्थ आहेत. खिळे नसतानाही या तोंडाला कुलूपच असतं हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

त्या वर्षी नाताळच्या तोंडावर मुलीचा फोन आला.

"बाबा, आम्ही झाड आणलंय. छोटीने नुसतं घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे आहे ना."

"आपण ज्यू आहोत," काका म्हणाले.

"अहो बाबा, ते मला माहितेय. दर शुक्रवारी मेणबत्त्या मीच लावते की नाही? चार दिवे नि चांदण्या टांगल्या म्हणून आपला धर्म काय पळून जातोय?"

"ठेवलंय कुठे?"

"खिडकीत. रस्त्यावरून काय सुरेख दिसतं!"

"मी येणार नाही," म्हणून काकांनी फोन ठेवून दिला.

जावई म्हणाला, सासरेबुवा हट्टाला पेटलेत, होतील शांत. ओळखीपाळखीतल्या ज्यू घरांतही दोन तट होतेच. काही म्हणत, दुसऱ्यांच्या सणाचं झाड आपल्याकडे हवंय कशाला. बाकीचे म्हणत, पोरांची हौस आहे, तिथे धर्म कसला काढता. भांडोत बापडे. काकांचं दुखणं या भांडणात कुठेच बसत नव्हतं. झाड परक्यांचं आहे म्हणून ते भीत नव्हते. एके काळी ते त्यांच्या स्वतःच्या घरात होतं, म्हणून भीत होते.

काका तेव्हा लहान होते. गावात ज्यूंच्या जिवावर उठलेलं नवं सरकार आलं होतं आणि ज्यू कुठे कुठे राहतात याची दारोदार चौकशी चालली होती. प्रत्येक ज्यू घराच्या दाराला, उजव्या चौकटीवर, एक तिरकी डबी असते. तिला मेझुझा म्हणतात, आत धर्मग्रंथातल्या ओळी असतात. घरात शिरताना तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची. काकांच्या वडिलांनी ती डबी काढली, खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवली, वरून रंग फासला. मग नाताळचं झाड आणून खिडकीत उभं केलं. पोरांना आनंदाचं भरतं आलं. चांदण्या आईने टांगल्या.

चौकशीचा साहेब आला तेव्हा झाड पाहून खूश झाला. "छान सजवलंय," म्हणाला, आणि उठलासुद्धा. तेवढ्यात काकांची मोठी बहीण दूध घेऊन आत आली. आणि आत येताना, रोजच्या सवयीने, तिने कोऱ्या चौकटीला बोटं लावून ओठांना लावली.

साहेब हसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची माणसं येऊन वडिलांना घेऊन गेली. वडील परत आले नाहीत.

त्यानंतर ती बहीण जन्मभर कुठल्याही दारातून आत जाताना दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून जायची. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. लोक हसायचे. काकांना कधी हसू आलं नाही. आपल्या मुलीला त्यांनी सांगितलं होतं की आजोबा तापाने गेले.

"सांगून टाका हो तिला," बायको म्हणाली. "तिला वाटतंय तुम्ही उगाच रुसलात."

"नाही. एकदा सांगितलं की तीही दाराकडे बघत बसेल, आणि तिचं बघून छोटी. हे माझ्याबरोबरच संपू दे."

"मग चला मुकाट्याने. पोर वाट बघतेय."

बायकोपुढे त्यांचं काही चालत नसे, आणि नातीवर तर जीव. शुक्रवारी संध्याकाळी दोघं निघाली. वळणावरूनच खिडकीतलं झाड दिसलं, लुकलुकणारं. काका चालत राहिले. एक जिना चढायचा, जेवायचं, झाड छान आहे म्हणायचं नि परतायचं. इतकं जमायला हवं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

नात जिन्यातच धावत आली. "आजोबा आले!" काकांचा हात धरून तिने त्यांना वर ओढत नेलं. दार सताड उघडं होतं आणि नव्या रंगाचा वास येत होता. रंगाऱ्याने डबी उतरवून ठेवली होती, ती परत लावायची राहून गेली होती. चौकट कोरी करकरीत. समोर खिडकीत झाड. आणि मागून शेजारीण पिशवी घेऊन जिना चढत होती.

नातीने टाचा उंचावल्या, कोऱ्या चौकटीला बोटं लावली नि ओठांकडे नेली.

"हात खाली घे!"

काका ओरडले. तिचं मनगट त्यांनी असं आवळलं की ती कळवळली. शेजारीण थबकली, आणि मग आपल्या दारात शिरली. मुलगी आतून धावत आली. "बाबा! काय झालं?"

काकांनी हात सोडला. नातीने तो झटकन फ्रॉकच्या खिशात घातला.

तो खिशातला हात काकांनी पाहिला. ते गुडघ्यांवर बसले. "चुकलो गं बाळा. तुझं काहीच चुकलं नाही. हे बघ." त्यांनी स्वतः चौकटीला बोटं लावली, ओठांना लावली. इतक्या वर्षांत असं उघड्यावर त्यांनी हे कधी केलं नव्हतं. "आता तू."

तिने आईकडे पाहिलं. मग हळूच हात खिशातून बाहेर काढला आणि उचलला. पण चौकटीला लावण्याआधी तिने मान वळवून जिन्याकडे बघून घेतलं, कुणी पाहत तर नाही ना.