शब्दांना मोकळं सोडणाऱ्या सुजाताताई

सुजाताताईंशी बोलताना आपलं वाक्य आपल्या मालकीचं राहत नसे. आदिलाबादच्या एका कॉलेजात मी गणित शिकवायला रुजू झालो. पहिल्याच दिवशी चहा घेताना त्यांना म्हणालो, "काल मी आईला बासरला नेलं." कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या बाईंनी कप खाली ठेवला.

"आईले बासरले नेलं मी काल. नेलं काल मी बासरले आईले. फरक पडला का सर काही?"

"नाही."

"मंग मशीनले हे काऊन समजत नाई?" म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

ताई नेरडीगोंड्याकडच्या. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. वर्गात त्या जपून बोलत, आमच्यात मात्र घरची बोली. मराठी वाक्य वाचून कोणी, कोणाला, काय केलं ते सांगणारा प्रोग्राम त्या करत होत्या. सुरुवातीला तो पहिल्या शब्दालाच कर्ता समजायचा. 'बैलाला दादाने पाणी पाजलं' असं टाकलं, तर बैलानेच दादाला पाणी पाजल्याचं त्याने कळवलं. ताईंनी ते साऱ्या स्टाफरूमला वाचून दाखवलं. स्वतःची फजिती इतक्या हौसेने सांगणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

मग त्यांनी प्रोग्रामला शब्दांच्या सगळ्या मांडण्या तपासायला लावल्या. छोटी वाक्यं जमली. वाक्य लांबलं, की मांडण्या इतक्या वाढत की आम्ही चहा पिऊन परत आलो तरी मशीनचा पंखा घरघरतच असे. प्राचार्य वैतागले. "लोकांना सरळ वाक्य बोलायला सांगा. आणि पालकांच्या मेळाव्यापर्यंत हे चाललं नाही, तर मशीन दुसऱ्या कामाला देऊ."

"लोकाईनं काऊन सरळ व्हावं सर?" ताई शांतपणे म्हणाल्या. "मशीननं वाकावं."

मेळाव्याच्या थोडं आधी, एका सकाळी त्या फळ्यासमोर मला अक्षरशः ओढत घेऊन गेल्या. "शब्द कुठं उभा हाये ते पाहाचंच नाई. त्याच्या अंगावर काय हाये ते पाहा." आधी क्रियापद शोधायचं. 'देणं' असेल तर देणारा हवा, घेणारा हवा, वस्तू हवी. मग एकेका शब्दाचा शेवट बघून त्याला त्याच्या जागी बसवायचं. 'ने' दिसला की देणारा, 'ला' दिसला की घेणारा. मांडण्या तपासायची गरजच उरली नाही. मोठं वाक्यसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटलं. मी चकित होऊन पाहत राहिलो, आणि ताई फळ्यापुढेच टाळ्या पिटत होत्या.

मेळाव्याला त्यांनी स्वतःच्या आईला बोलावलं होतं. "आई, काहीबी विचार मले."

आईने क्षणभर विचार केला. "देला का नाई डबा तुले, त्या बसवाल्यानं, मी पाठवला होता तो?"

ताईंनी एक अक्षरही न बदलता वाक्य टाइप केलं. 'ले' आणि 'नं' त्यांनी मशीनला आधीच शिकवले होते. पडद्यावर लगेच उत्तर उमटलं, आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं: देणारा 'बसवाला', घेणारा 'तू', वस्तू 'मी पाठवलेला डबा'.

आई पडद्याकडे बघून म्हणाली, "हे तं मी बोललीच. तेच मलेच काऊन सांगून राह्यला तो?"

सगळे हसले, प्राचार्यही. सर्वांत जास्त हसल्या ताई. "आईले त्यात काहीच नवल वाटलं नाई," त्या डोळे पुसत मला म्हणाल्या. "यापरीस मोठं सर्टिफिकेट कोण देईन?" मशीन त्यांच्याकडेच राहिलं.

गेल्या वर्षी संशोधनासाठी त्या हैदराबादला गेल्या. मी बसस्टँडवर पोचवायला गेलो होतो. "आता त्याले तेलुगू शिकवाची हाये," त्या म्हणाल्या.

"तुमची तेलुगू कितपत?"

"बाजारात चालते. आता त्याच्यासंगं मीबी नीट शिकीन."

बस हलली. हात हलवायला मी पुढे झालो, तर ताई शेजारच्या बाईशी तेलुगूत बोलायला लागल्याही होत्या, अडखळत, पण न थांबता.