बियाण्याची मूठ

आमच्या प्रयोगशाळेत कडधान्यं पाण्याच्या प्रचंड दाबाखाली ठेवून वाळवतात. त्यानं काही पोषक द्रव्यं वाढतात. तसल्या मुगाची पाकिटं मी वडीगोद्रीजवळच्या शेतांवर वाटत होतो, चव कशी वाटते ते विचारायला. एका म्हातारीनं पाकीट फोडलं आणि आधी एक मूठ पदराच्या गाठीत बांधली. कुठलंही नवं धान्य आलं की पहिली मूठ बियाण्याला, ही तिची रीत.

मी म्हणालो, “मावशी, हे उगवणार नाही. दाबानं अंकुर मरतो.”

तिनं गाठ आणखी आवळली. “गुण वाढला म्हणता, मंग जीव कसा जाईल? मातीला इचारून पाहते.”

उगवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तिच्या शेताजवळून जाताना मी गाडी हळू करतो.