मित्कोचे रुंद बूट

झ्लातिना स्पेनमध्ये हॉटेलच्या खोल्या आवरते, त्यामुळे उन्हाळ्यात आपल्या गावी, लोमला आली की तिला आईचं घरही हॉटेलच दिसतं. या वेळी तर ती काळ्या पिशव्यांचं भेंडोळंच घेऊन आली. "हे वापरतेस? नाही ना? मग जाऊ दे! हे? फुटलंय. जाऊ दे!" नाकातून, भरभर, जणू पुढचं गिऱ्हाईक दारात खोळंबलंय. स्तोयनाबाई मागोमाग "बरं बाळा, बरं" करत फिरत होती. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या तिनं जाऊ दिल्या. तीन पायांची खुर्ची गेली तेव्हा उसासा सोडला. तिचा जीव अडकला होता निजायच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यातल्या पांढऱ्या गाठोड्यात.

"ते कपाट मी लावते हं, तू नको हात लावूस," ती दोनदा म्हणाली. का, ते मात्र सांगेना. सांगणार तरी कसं? गाठोड्यात तिची शेवटची तयारी होती, शवपेटीत निजताना लागणारी: काळा झगा, मोजे, रुमाल, मेणबत्ती. आणि लेक अशी, की आईला शिंक आली तरी तिकडे रडायला लागणारी.

बुधवारी स्तोयनाबाई औषधं घेऊन परतली तर कपाट उघडं, कप्पा पुसून लख्ख.

"गाठोडं कुठाय?"

"ते जुनेर होय? देणगीची गाडी आली होती, दिलं. पुरुषी बूट तेवढे कोरे होते, ते शेजारच्या त्सोलोकाकांना दिले. काय खूश झाले गं!"

स्तोयनाबाईनं औषधांची पिशवी तिथेच टाकली. झग्याचं काय, झगा पुन्हा शिवता येतो. पण बूट मित्कोचे होते. नवरा अचानक गेला, घरात काहीच तयार नव्हतं, तेव्हा शेजारून कुणाचे तरी बूट आणून त्याच्या पायांत कोंबले होते. एवढा धिप्पाड माणूस, अंगठ्यापाशी हाड वाढलेलं, तो तसाच लंगडत परलोकी गेला. म्हणून तिनं म्हाताऱ्या मारिन चांभाराकडून त्याच्या मापाचे रुंद बूट शिवून घेतले. आपल्या शवपेटीत ठेवून न्यायचे आणि त्याला द्यायचे. आधी गेलेल्यांना असंच तर पाठवतात सगळे, मागून जाणाऱ्याच्या हाती. आणि आता मारिनही दफनभूमीत मित्कोच्याच रांगेत जाऊन निजला होता. पुन्हा शिवणार कोण?

ती घरातल्या सपातांवरच धावली. शेजारी त्सोलो टोमॅटोंना पाणी घालत होता.

"त्सोलो! निघ आधी त्या चिखलातून!"

"का गं, साप आहे?" त्यानं पाय वर करून दाखवला. "काय बूट आहेत! अंगठ्याला एवढी जागा, आमची मांजर बाळंत होईल यात."

"मित्कोचे आहेत ते."

"मित्कोला जाऊन किती वर्षं..." त्सोलो थांबला. त्यानं नळ बंद केला. "नेऊन देणार होतीस होय त्याला? मग मीच देतो की! आमच्या बायकोनं, गिनकानं, माझा शेवटचा सूट कधीचा इस्त्री करून टांगलाय. माझा नंबर तुझ्याआधी."

"तू? घरातून पाव आणायला निघतोस आणि वर्तमानपत्र घेऊन येतोस! तिकडे कुणाच्या हातात देशील, देव जाणे."

"बरं, घे मग परत."

"पण जिवंत माणसानं घातलेले चालतात का रे?"

"माझ्याकडे बघ तरी. अर्धा मी तिकडचाच आहे."

झ्लातिना कुंपणाशी केव्हा येऊन उभी राहिली, कुणाला कळलं नाही. "आई, बाबांना ते बूट घट्ट होते?"

"तूच तर टाचेशी चमचा लावून चढवलेस."

झ्लातिना फाटक उघडून आत आली. ती चिखलात गुडघे टेकून त्सोलोच्या पायांतल्या नाड्या सोडू लागली. बुटांचे तळ आपल्या बाहीनंच पुसले. मग खाली मान घालून म्हणाली, "मी ठेवीन, आई. तुझ्यासोबत. मी स्वतः."

स्तोयनाबाईला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, अगदी घटकाभर. पण लगेच दुसरी धास्ती येऊन बसली.

"नाड्या बांधू नकोस हं, त्याला वाकता येत नाही," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पण बाळा, स्पेनहून इथे पोचायला किती वेळ लागतो गं?"